घंटेचा काळ आणि विद्यार्थ्याचा काळ : ‘सेव्ह्ड बाय द बेल’ या शालेय विनोदी मालिकेचा विचार

१

शालेय जीवनाचे चित्रण करणाऱ्या कलाकृतीत शाळा कोणाच्या नजरेतून पाहिली जाते, शिक्षकाच्या की विद्यार्थ्याच्या, हा प्रश्न वरवर पाहता केवळ निवेदनतंत्राचा वाटतो. परंतु शाळा ही मुळात काळाची वाटणी करणारी संस्था आहे. तास, मधली सुट्टी, चाचणी, सहामाही, वार्षिक परीक्षा अशा तुकड्यांत ती मुलांचे आयुष्य मोजून देते, आणि ही वाटणी जाहीर करते ती घंटा. म्हणूनच शाळेची गोष्ट कोण सांगतो हे विचारणे म्हणजे शाळेतला काळ कोणाच्या स्वाधीन आहे हे विचारणे होय. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका अमेरिकन विनोदी मालिकेच्या आधारे तपासावयाचा आहे. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ ही मालिका एन.बी.सी. या प्रक्षेपण संस्थेने १९८९ ते १९९३ या काळात मुख्यतः शनिवारी सकाळी, म्हणजे मुलांसाठी राखून ठेवलेल्या वेळात दाखविली.

अशा मालिकेला भारतीय भाषांच्या नियतकालिकात जागा का द्यावी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अतिथी प्राध्यापक या नात्याने बालसाहित्याचा अभ्यासक्रम शिकवीत असताना प्रस्तुत लेखकाला हीच शंका सहकाऱ्यांकडून ऐकावी लागली. शनिवारच्या सकाळचा करमणुकीचा माल ‘संहिता’ कसा ठरेल, असा त्यांचा आक्षेप होता. त्याचे उत्तर मालिकेच्या गुणवत्तेत शोधण्याचे कारण नाही. तिची पुष्कळशी कथानके ठोकळेबाज आहेत आणि विनोद बहुधा आधीच ओळखता येतो. तरीही बालपणाची गोष्ट कोणत्या काळात आणि कोणाच्या वाणीने सांगावी, या प्रश्नाचे एक टोकाचे उत्तर तिने दिले आहे. टोकाची उत्तरे तुलनेला उपयोगी पडतात, एवढेच येथे गृहीत धरले आहे.

२

मालिकेच्या नावापासून आरंभ करू. मूळ वाक्प्रचार मुष्टियुद्धातला आहे. खाली पडलेल्या मल्लावर आकडे मोजले जात असताना फेरी संपल्याची घंटा झाली, तर तो पराभवातून तात्पुरता वाचतो. शाळेच्या संदर्भात याचा अर्थ उघड आहे : गृहपाठ केलेला नाही, शिक्षकांची नजर आपल्याकडे वळली आहे, आणि तेवढ्यात तास संपल्याची घंटा होते. या अर्थाने शिक्षेचे वेळापत्रक सांगणारी घंटाच सुटकेचेही साधन ठरते. विद्यार्थ्याची सुटका शाळेच्याच नियमाने होते, त्याच्या पराक्रमाने नव्हे. ही व्याजोक्ती नावातच असल्यामुळे पुढील विवेचनात तिचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे.

मालिकेचा जन्मही या दृष्टीने बोधप्रद आहे. तिचे पूर्वरूप म्हणजे ‘गुड मॉर्निंग, मिस ब्लिस’ ही डिस्ने वाहिनीवर १९८८-८९ मध्ये दाखविली गेलेली मालिका. तिचे केंद्र हेली मिल्स या अभिनेत्रीने साकारलेली एक समंजस शिक्षिका होती आणि घटनास्थळ इंडियाना राज्यातील एक कनिष्ठ माध्यमिक शाळा होते. ही रचना अमेरिकन परंपरेला धरूनच होती. ‘अवर मिस ब्रुक्स’ ही आधी नभोवाणीवर आणि १९५२ पासून दूरचित्रवाणीवर आलेली मालिका, ‘वेलकम बॅक, कॉटर’ (१९७५-७९), ‘हेड ऑफ द क्लास’ (१९८६-९१) या सर्वांत वर्ग विद्यार्थ्यांचा असला तरी गोष्ट शिक्षकाची होती. ‘मिस ब्लिस’ अवघ्या तेरा भागांनंतर थांबली. त्यानंतर एन.बी.सी.ने तीच कल्पना पुन्हा हाती घेतली तेव्हा दोन मूलगामी बदल झाले. घटनास्थळ कॅलिफोर्नियातील ‘बेसाइड हाय’ या काल्पनिक शाळेत नेण्यात आले आणि शिक्षिका गाळण्यात आली. जुन्या मालिकेतून झॅक मॉरिस, स्क्रीच, लिसा हे विद्यार्थी आणि मुख्याध्यापक बेल्डिंग एवढेच पुढे आले. केली, जेसी आणि स्लेटर ही पात्रे नव्याने मिळाली. पुढे पुनःप्रक्षेपणात ‘मिस ब्लिस’चे भाग ‘सेव्ह्ड बाय द बेल’च्याच नावाखाली दाखविले गेले आणि त्यांच्या आरंभी झॅकचे प्रास्ताविक जोडण्यात आले. शिक्षिकेची गोष्ट अशा रीतीने विद्यार्थ्याच्या आठवणींतले एक प्रकरण बनली. निवेदनाच्या हस्तांतरणाचे इतके उघड उदाहरण वाङ्मयेतिहासात क्वचितच सापडेल.

३

हस्तांतरण झाले ते नेमके कशाचे? मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध युक्ती येथे विचारात घ्यावी लागते. झॅक अडचणीत सापडतो, दोन्ही तळहातांनी इंग्रजी ‘टी’ अक्षराची खूण करतो आणि ‘टाइम-आउट’ म्हणतो. त्याच क्षणी भोवतालचे सर्वजण जागच्या जागी थिजतात. कोणाचा हात वर राहतो, कोणाचे तोंड उघडे राहते. एकटा झॅक कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांशी बोलतो, आपला बेत सांगतो, प्रसंगी थिजलेल्या माणसांच्या मधून फिरतो, आणि मग काळ पुन्हा सुरू करतो. ही खूण क्रीडांगणावरून आलेली आहे. मराठी वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. लपंडाव किंवा पकडापकडी खेळताना दम लागला, चप्पल तुटली किंवा आईने हाक मारली की आपल्याकडची मुले ‘टाइम प्लीज’ म्हणतात, आणि ज्याच्यावर राज्य आहे तोही ते मुकाट्याने मान्य करतो. फरक असा की अंगणात हा विराम सर्वांच्या संमतीचा असतो आणि तो कोणालाही मागता येतो. बेसाइडमध्ये तो कोणाच्या संमतीवाचून लादला जातो, आणि तो लादण्याची शक्ती प्रायः एकट्या झॅकपाशी आहे.

प्रेक्षकांशी थेट बोलणारा तरुण नायक हा काही या मालिकेचा शोध नव्हे. ‘द मेनी लव्ह्ज ऑफ डोबी गिलिस’ (१९५९-६३) या मालिकेचा नायक असाच प्रेक्षकांना विश्वासात घेत असे, आणि ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ या १९८६ च्या चित्रपटातील शाळा चुकविणारा मुलगाही कॅमेऱ्याशी बोलतो. परंतु भारतीय अभ्यासकाला अधिक जवळची तुलना संस्कृत नाट्यशास्त्रात सापडेल. पात्राचे भाषण सर्वांनी ऐकावयाचे की नाही, यावरून आपल्या शास्त्रकारांनी प्रकाश, स्वगत, जनान्तिक आणि अपवारित असे भेद केले. त्यांपैकी जनान्तिकासाठी हाताची विशिष्ट खूण सांगितली आहे. अनामिका दुमडून केलेला त्रिपताक हस्त मध्ये धरला की रंगमंचावरील इतर पात्रांना संभाषण ऐकू येत नाही, असा संकेत धनंजयाच्या ‘दशरूपका’तही नोंदलेला आहे. हाताच्या एका खुणेने रंगभूमीचे दोन भाग करावयाचे, एक ऐकणारा आणि दुसरा न ऐकणारा, ही कल्पना बेसाइडच्या विद्यार्थ्याहून किमान हजार वर्षे जुनी आहे.

साम्याइतकाच भेदही अर्थपूर्ण आहे. त्रिपताकाने श्रवण अडविले जाते, काळ अडविला जात नाही. जनान्तिक चालू असताना राजा राजाच असतो, संध्याकाळ होतच असते आणि न ऐकणाऱ्यांचे जीवन चालूच असते. शिवाय जनान्तिक हे रंगमंचावरील दोन पात्रांमधील गुज असते, तर झॅकचे गुज प्रेक्षकाशी आहे. टाइम-आउटमध्ये इतरांचे केवळ कान बंद होत नाहीत, त्यांचे अस्तित्वच स्थगित होते. मुख्याध्यापक, मित्र, प्रेयसी हे सर्व जण नायकाच्या सोयीपुरते जिवंत राहतात. शिक्षकाच्या सत्तेतून गोष्टीची मुक्तता झाली खरी, पण ती सत्ता विद्यार्थिवर्गाच्या हाती आली नाही, एका विद्यार्थ्याच्या हाती आली.

विदूषकाच्या बाबतीतही असेच उलटे चित्र दिसते. नायकाचा विश्वासू मित्र, विसंगत वेषाचा आणि सर्वांच्या थट्टेचा विषय, या अर्थाने स्क्रीच हा विदूषकाच्या कुळातला आहे. परंतु संस्कृत नाटकातला विदूषक जातीने ब्राह्मण असून विद्येत कच्चा असतो. ज्याला ज्ञान असावयास हवे त्याला ते नसते, यातून हसू निर्माण होते. स्क्रीचला गणित येते, विज्ञान येते, तो यंत्रे बनवितो, आणि नेमके त्याचेच हसे होते. एके ठिकाणी ज्ञानाच्या अभावावर विनोद उभा आहे, दुसऱ्या ठिकाणी ज्ञानाच्या आधिक्यावर. शाळेवरील मालिकेत अभ्यास करणारा मुलगाच विदूषक ठरावा, ही गोष्ट त्या समाजाच्या शिक्षणविषयक मनोवृत्तीबद्दल बरेच काही सांगते. ‘आपल्याकडे असे नाही’ असे म्हणण्यापूर्वी आपणही आपल्या वर्गातील ‘पुस्तकी किड्या’ची आठवण केलेली बरी.

४

थांबविता येणारा काळ हा नायकाच्या विनोदाचा पाया असेल, तर ज्याला काळ थांबविता येत नाही त्याचे काय होते? मालिकेतील एका भागात हा प्रश्न, कदाचित लेखकांच्या नकळत, उघडा पडला आहे. ३ नोव्हेंबर १९९० रोजी दाखविलेला ‘जेसीज साँग’ हा तो भाग. जेसी स्पॅनो ही वर्गातील हुशार, महत्त्वाकांक्षी आणि स्त्रियांच्या हक्कांविषयी जागरूक मुलगी. भूमितीची परीक्षा आणि मैत्रिणींबरोबरचा गाण्याचा कार्यक्रम या दोन्ही गोष्टी साधण्यासाठी ती कॅफिनच्या गोळ्या घेऊ लागते. अखेर झॅकसमोर ती कोसळते. उत्साहाचे गाणे म्हणता म्हणता तिला रडू फुटते, आणि तिचे सारे गाऱ्हाणे एकाच गोष्टीचे असते : वेळ नाही, वेळ कधीच पुरत नाही.

पुढील काळात या प्रसंगाची पुष्कळ टवाळी झाली, आणि त्याला कारणही आहे. मालिकेचे निर्माते पीटर एंगल यांनी आपल्या २०१६ च्या आत्मकथनात सांगितल्यानुसार लेखकांना येथे अधिक घातक उत्तेजक द्रव्य दाखवावयाचे होते. प्रक्षेपण संस्थेच्या नीतिनियमन विभागाने त्यास नकार दिला, म्हणून कॅफिनवर तडजोड झाली. त्यामुळे कारण आणि परिणाम यांचे प्रमाण बिघडले. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. काळ थांबविण्याची शक्ती ज्याच्या हातात आहे तो मुलगा, आणि वेळ नाही म्हणून आक्रोश करणारी मुलगी, हे दोघे येथे समोरासमोर आले आहेत. त्या क्षणी झॅक टाइम-आउटची खूण करीत नाही. तो तिला जवळ घेतो, बस. मालिकेचे सर्वांत लाडके तंत्र तिच्या सर्वांत गंभीर प्रसंगी निरुपयोगी ठरते. मुलींना, अभ्यासूंना, ज्यांच्यावर घराच्या आणि स्वतःच्या अपेक्षांचे ओझे आहे त्यांना काळ हा घंटेप्रमाणेच चालताना दिसतो. विनोदी विराम हा ज्याला परिणामांची चिंता करावी लागत नाही त्याचा विशेषाधिकार आहे, हे सत्य मालिकेने येथे क्षणभर कबूल केले आहे. पुढच्या शनिवारी ती ते विसरली.

हे विसरणे अपघाती नव्हे. प्रत्येक भाग स्वयंपूर्ण असावा आणि आधीचा भाग पाहिलेला नसला तरी मुलाला गोष्ट कळावी, ही त्या प्रकाराची अट होती. म्हणून एका भागात झॅकला आपल्या आदिवासी अमेरिकन पूर्वजांचा शोध लागतो, दुसऱ्या भागात शाळेच्या आवारात खनिज तेल सापडते आणि त्यापायी पाणपक्ष्यांचा बळी जातो. परंतु यांपैकी कशाचाही व्रण पुढे उरत नाही. अखेरच्या हंगामात तर ही विस्मृती हास्यास्पद थराला गेली. पदवीदान समारंभाचा भाग चित्रित झाल्यावर प्रक्षेपण संस्थेने आणखी भाग मागितले. केली आणि जेसी यांच्या भूमिका करणाऱ्या अभिनेत्री उपलब्ध नव्हत्या, म्हणून टोरी नावाची नवी विद्यार्थिनी आणण्यात आली. परिणामी काही शनिवारी टोरी असे तर काही शनिवारी केली आणि जेसी असत, आणि समारंभाच्या दिवशी टोरीचे नावही कोणाच्या ओठी येत नाही.

याच सुमारास घंटेची दोरी कोणाच्या हातात आहे, हेही स्पष्ट होऊ लागले. मालिकेच्या यशामुळे एन.बी.सी.ने १९९२ मध्ये शनिवार सकाळची व्यंगपटांची परंपरा मोडून किशोरांसाठी जिवंत नटांच्या मालिका सुरू केल्या. १९९० च्या बाल-दूरचित्रवाणी कायद्याने प्रक्षेपकांवर मुलांच्या शैक्षणिक गरजा भागविण्याची जबाबदारी टाकली होती, आणि १९९६ मध्ये नियामक आयोगाने तिचे प्रमाण आठवड्याला तीन तास असे निश्चित केले. १९९३ ते २००० या काळात चाललेल्या ‘द न्यू क्लास’ या उत्तरमालिकेला हाच शैक्षणिक शिक्का लाभला. शिक्षिकेला गोष्टीतून काढून टाकले, पण बोध काही गेला नाही. तो शिक्षिकेच्या मुखातून निघून कायद्याच्या कलमात जाऊन बसला. वर्गात हसणाऱ्या मुलांना याची जाणीव नव्हती, एवढेच.

५

या पार्श्वभूमीवर मराठीतील शालेय चित्रण पाहिले असता विरोध ठळकपणे जाणवतो. आपल्याकडे शाळा बहुधा आठवणीतून आली आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) मधील चितळे मास्तर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. तेथे प्रौढ झालेला विद्यार्थी मागे वळून पाहतो, आणि विनोदाला कृतज्ञतेची व हळहळीची किनार लाभते. हसू येते ते काळ निघून गेला आहे म्हणून, तो थांबविता येतो म्हणून नव्हे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीत निवेदन नववीतील मुलाकडे आले. शिक्षकांची टोपणनावे, मित्रांच्या गप्पा, चोरटे पाहणे हे सर्व येथेही आहे, आणि या अर्थाने ती बेसाइडच्या जवळ येते. तथापि तिच्यातला काळ कोणाला थांबविता येत नाही. बाहेर आणीबाणी आहे, आत परीक्षा आहे, आणि वर्ष संपते तेव्हा ते खरोखरच संपते. मुकुंदापाशी टाइम-आउट नाही. असते तर ती कादंबरी लिहिलीच गेली नसती.

तेव्हा दोन ध्रुव असे मांडता येतात : स्मरणावर उभा असलेला शालेय विनोद आणि विस्मरणावर उभा असलेला शालेय विनोद. पहिला अर्थातच वाङ्मयदृष्ट्या श्रेष्ठ आहे, असा निकाल देऊन थांबणे सोपे आहे. पण ते पूर्ण सत्य नव्हे. स्मरणाचा विनोद हा प्रौढांसाठी असतो. ज्या मुलाला उद्या सकाळी पुन्हा त्याच बाकावर बसावयाचे आहे, त्याला हळहळ नको असते. त्याला थोडा श्वास हवा असतो, ‘टाइम प्लीज’ हवे असते. ही गरज खरी आहे, आणि ती भागविणाऱ्या कलाप्रकाराला तुच्छ लेखून मुलांच्या वाङ्मयाचा इतिहास लिहिता येणार नाही. आपल्या बालसाहित्याच्या इतिहासांत पुस्तके येतात, बालनाट्यही येते, परंतु शालेय दूरचित्रवाणी मालिकांची नोंद अपवादानेच आढळते. १९९८ मध्ये झी वाहिनीवर सुरू झालेली ‘हिप हिप हुर्रे’ ही शाळकरी मुलांची हिंदी मालिका एका पिढीच्या स्मरणात आहे. अभ्यासकांच्या टिपणवहीत ती क्वचितच दिसते.

मात्र श्वासाची किंमत कोण देतो, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि आश्चर्याची गोष्ट अशी की तो अखेर त्या मालिकेच्याच वारसांनी विचारला. २०२० मध्ये ‘पीकॉक’ या सेवेवर मालिकेचे नवे रूप आले व दोन हंगाम चालले. त्यात झॅक मॉरिस कॅलिफोर्नियाचा राज्यपाल झाला आहे. गरीब वस्त्यांतील शाळा त्याने बंद करविल्या, आणि त्यावरून टीका होताच तेथील विद्यार्थ्यांना संपन्न शाळांत पाठविण्याची तोड काढली. बेसाइड ही त्यांपैकीच एक. जेसी आता त्या शाळेत समुपदेशक आहे, स्लेटर क्रीडाशिक्षक आहे. एकेकाळी जो मुलगा इतरांना थिजवून स्वतःची अडचण सोडवीत असे, तोच मोठेपणी एका सहीने इतरांच्या शाळा थांबवितो. बालपणीचा खोडकर विराम आणि प्रौढपणीचा बेफिकीर निर्णय यांच्यातील नाते नव्या लेखकांनी अचूक ओळखले. स्क्रीचची भूमिका करणारे डस्टिन डायमंड १ फेब्रुवारी २०२१ रोजी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी निवर्तले, आणि त्यानंतरच्या हंगामाच्या आरंभी मालिकेने त्यांचे स्मरण केले. विस्मृतीवर उभ्या असलेल्या मालिकेला शेवटी स्मरणाकडे यावे लागले.

सारांश, काळ थांबविण्याचे सुख देणारी शालेय कथा ही मुलांची हक्काची गोष्ट आहे, आणि ती अभ्यासाबाहेर ठेवण्यात अभ्यासकाचेच नुकसान आहे. परंतु तिचा विचार करताना नजर कॅमेऱ्याशी बोलणाऱ्या एकट्या मुलावरच खिळवून चालणार नाही. त्याच्या मागे हात वर करून, तोंड उघडे ठेवून जे थिजलेले आहेत, त्यांनाही काही सांगावयाचे होते. घंटा झाल्यावर ते काय बोलले असते, हे शोधणे तौलनिक साहित्याभ्यासाचे काम आहे.